ठिपीचा दाणा, माशाचा डोळा

फरशीवरून एक काळा ठिपका चालला होता. ठिपका कसला? मुंगीच ती! तिचं नाव ठिपी.

ठिपीजवळ मुगाचा दाणा. पुढे मुंग्यांची रांग, मागे ठिपी. तुरुतुरु, तुरुतुरु.

दाणा होता जड. ठिपीने तो खाली ठेवला. हुश्श! डोळे मिटून जरा दम घेतला.

तिथेच बसली होती शेवू. गुबगुबीत बोटांची, एवढीशी शेवू. बाबा तिला माशाचं पुस्तक वाचून दाखवत होते. पुस्तकात मासा आला, म्हणून दोघांनी पुठ्ठ्यावर मासा केला. मसुराचे खवले, गव्हाची शेपटी.

"मसूर कसा?" बाबांनी विचारलं.

"केशली!" शेवू म्हणाली. तिला 'केशरी' म्हणता येईना.

मग बाबा उठले. "दूध तापवून येतो हं, शेवू." पुस्तक राहिलं अर्धंच. माशाचा डोळाही राहिला.

शेवूला दिसला मुगाचा दाणा. उचलला, डिंकात बुडवला. चिप! बसला माशाला.

ठिपीने डोळे उघडले. दाणा नाही. पुढे पाहिलं. रांगही नाही. एवढी मोठी फरशी, आणि ठिपी एकटी.

ठिपी गेली माशाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"माशा रे माशा, माझा दाणा दे.
मी एकटी, घरी जाऊ कशी?"

मासा म्हणाला, "नाही बाई देणार! मग मी बघू कशाने? शेवूने दुसरा डोळा लावला, तर देईन."

ठिपी गेली शेवूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेवू गं शेवू, माशाला डोळा लाव.
मासा दाणा देईना.
मी एकटी, घरी जाऊ कशी?"

शेवू बसली होती गुडघ्यात तोंड घालून. "मी नाही लावणार. मला एकटीला नाही करमत. बाबा जवळ बसले, तर लावीन."

ठिपी गेली बाबांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाबा ओ बाबा, शेवूजवळ बसा.
शेवू डोळा लावेना,
मासा दाणा देईना.
मी एकटी, घरी जाऊ कशी?"

बाबा म्हणाले, "कसा बसू गं? दूध उतू जाईल ना! दूध तापलं, तर बसेन."

ठिपी गेली दुधाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दुधा रे दुधा, लवकर ताप.
बाबा जवळ बसेनात,
शेवू डोळा लावेना,
मासा दाणा देईना.
मी एकटी, घरी जाऊ कशी?"

दूध म्हणालं, "नाही तापणार. गॅसची ज्योत नुसती लपलप करते. ज्योत ताठ झाली, तर तापेन."

ठिपी गेली ज्योतीकडे. फार जवळ नाही हं! लांबूनच म्हणाली,

"ज्योती गं ज्योती, ताठ हो.
दूध तापेना,
बाबा जवळ बसेनात,
शेवू डोळा लावेना,
मासा दाणा देईना.
मी एकटी, घरी जाऊ कशी?"

ज्योत म्हणाली, "नाही होणार. खिडकीतून वारा येतो. खिडकी लागली, तर होईन."

ठिपी गेली खिडकीकडे. भिंतीवर चढून चढून पाय दुखले.

"खिडके गं खिडके, लाग ना.
ज्योत ताठ होईना,
दूध तापेना,
बाबा जवळ बसेनात,
शेवू डोळा लावेना,
मासा दाणा देईना.
मी एकटी, घरी जाऊ कशी?"

खिडकी म्हणाली, "करर्र! मी गंजलेय. माझी मी नाही लागणार. वाऱ्याने लोटलं, तर लागेन."

ठिपी वाऱ्याला म्हणाली,

"वाऱ्या रे वाऱ्या, खिडकी लोट.
खिडकी लागेना,
ज्योत ताठ होईना,
दूध तापेना,
बाबा जवळ बसेनात,
शेवू डोळा लावेना,
मासा दाणा देईना.
मी एकटी, घरी जाऊ कशी?"

वारा म्हणाला, "सूंऽऽ! मी नाही लोटणार. दिवसभर मी एकटाच हिंडतो. इथे गोष्ट चालली होती, ती ऐकायला आलो. तर गोष्टच थांबली! कुणी मला गोष्ट सांगितली, तर लोटीन."

ठिपीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. सांगणारं कुणीच नव्हतं.

मग ती खिडकीत बसली. हळूच म्हणाली, "एक मुंगी होती."

"मग?" वारा म्हणाला.

"तिचा दाणा गेला."

"मग?"

"रांग पुढे गेली."

"मग?"

"मग ती एकटीच राहिली."

वारा थबकला. पानसुद्धा हललं नाही.

"माझ्यासारखीच," वारा म्हणाला. "थांब हं, ठिपे! तू खाली उतर."

वाऱ्याने बाहेर जाऊन खिडकी लोटली. सूंऽऽ!
खिडकी लागली. धाड!
ज्योत ताठ झाली. भप्प!
दूध तापलं. भस्स!
बाबांनी गॅस बंद केला. टक्!
बाबा शेवूजवळ बसले.

"बाबा, हा डोळा मुंगीचा आहे," शेवू म्हणाली.

"अरेच्चा! मग माशाला काय लावायचं?"

"आईची टिकली!"

शेवूने टिकली लावली. चिप!
मासा म्हणाला, "घे गं तुझा दाणा."
डिंक ओलाच होता. दाणा सुटला. टुण!

बाबांनी पुस्तक उघडलं. शेवू मांडीत बसली. बाहेर वाऱ्याने खिडकीच्या फटीला कान लावला.

दाणा घेऊन ठिपी निघाली. फरशी संपता संपेना. तुरुतुरु, तुरुतुरु. उंबरा आला. पायरी आली. मातीतलं इवलंसं भोक आलं. आत काळोख.

"कोण आहे?"

"मी. ठिपी."

"अगं, कुठे होतीस? ये, ये, आत ये!"

एक मुंगी सरकली. दुसरी सरकली. सगळ्या सरकल्या. मधोमध जागा झाली, ठिपीएवढी.

ठिपी पोचली घरी. आता मुलांनो, तुम्ही या बघू जवळ, अजून जवळ!