हैबतीदाजींनी बसवलेली पट्टी

एका गावात एक भोळा दाजी होता. म्हणजे सगळ्या गावाचा नव्हे, एकट्या रंगनाथ मिस्त्रीचा. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण मिस्त्री हाक मारायचा तशी हळूहळू सगळं गाव मारायला लागलं. नाव हैबती. नावाला शोभतील अशा मिशा होत्या. बाकी हैबत खावी असं काही नव्हतं.

दाजी चाळिशीचा, अंगानं दांडगा, कामाला वाघ. खोट एकच. सांगितलेलं तंतोतंत करायचा. स्वतःच्या गावी असताना पाटलानं सांगितलं, "हैबती, विहिरीवर नजर ठेव." हा दिवसभर काठावर ओणवा होऊन विहिरीत बघत बसला. मागच्या मागं मोटेचे दोन्ही बैल चोरांनी सोडून नेले. पाटील बोंबलत आला तर हा म्हणतो कसा, "विहीर आहे की जागेवर!"

तेव्हा त्याची बायको, ठकूबाई, त्याला घेऊन भावाच्या गावी आली. वाटेत एकदाच बोलली. "हे शेवटचं घर. माझ्या भावानंही हात टेकले, तर मी माहेरीच राहीन. तुम्ही एकट्यानं परत जायचं. कळलं?"

हैबतीला कळलं. बायकोवर फार जीव होता हो त्याचा. त्यानं लगेच पटक्याच्या शेवाला गाठ मारली. लोक मनाशी खूणगाठ बांधतात, पण हैबतीला स्वतःच्या मनाचा भरवसा नव्हता. तो पटक्याला बांधायचा.

रंगनाथचा कारखाना वाफेवर चालायचा. एका कोपऱ्यात बॉयलर, त्याला जोडलेलं इंजिन, आणि आढ्याखाली एक लांबलचक फिरता दांडा. दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली आलेले, पट्ट्यांवर लेथ फिरायचा, भोकं पाडायचं यंत्र फिरायचं, सगळंच फिरायचं. आसपासच्या पन्नास गावांतले उसाचे चरक आणि गिरण्यांची इंजिनं तिथंच दुरुस्त व्हायची.

रंगनाथनं दाजीला बॉयलरपुढं नेलं. बॉयलरच्या कपाळावर एक पितळी चौकट होती, आणि चौकटीत एक पट्टी: ‘पास’.

"दाजी, दर वर्षी बॉयलरसाहेब येतो. बघतो, तपासतो, नवी पट्टी ठोकून देतो. यंदा पंधरा दिवसांनी येणार आहे. या चौकटीत पट्टी बसली, की तुम्ही इथं कायमचे. नाही बसली, तर कारखान्याला कुलूप. मग मी तुम्हाला ठेवू तरी कुठं?"

"पट्टी बसली की झालं?"

"झालं."

"एवढंच ना!" म्हणून हैबतीनं दुसरी गाठ मारली.

पहिल्या दिवशी रंगनाथ जेवायला निघाला. म्हणाला, "दाजी, इंजिनावर जरा डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा हं."

हैबतीनं बुधली उचलली. इंजिनाला घालायचं एरंडेल होतं. या डोळ्यात एक धार, त्या डोळ्यात एक धार. मग लक्ष ठेवायला बसला. दिसत काहीच नव्हतं, पण लक्ष होतं.

रंगनाथ आला तर एक बकरी निवांतपणे पट्ट्याचं टोक चघळत होती आणि दाजी शेजारी बसून डोळे चोळत होता.

रंगनाथच्या जिभेवर एक शिवी आली. पण थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला ‘अरे’ म्हणायची चोरी, तिथं शिवी कुठली! त्यानं ती गिळली आणि म्हणाला, "दाजी, अहो दाजी! तेल डोळ्यात नाही घालायचं. जिथं कुरकुर ऐकू येईल तिथं घालायचं."

"असं होय! मग आधी सांगायचं नाही का?" हैबतीनं गाठ मारली.

संध्याकाळी घरी आला. ठकूबाई चुलीशी बसली होती. लाकडं ओली, पीठ संपत आलेलं, त्यात दिवसभर शेजारीण डोकं खाऊन गेलेली. ती कुरकुर करायला लागली. हैबतीनं कान टवकारले. कुरकुर कुठून येते ते नीट हेरलं. मग कमरेची बुधली काढली आणि तिच्या डोक्यावर रिकामी केली.

त्या रात्री सगळ्या आळीनं ठकूबाईचा आवाज ऐकला. "अहो, बायको म्हणजे काय गाडीचं चाक आहे का? माणूस तापलं की गोड बोलावं, पाणी द्यावं, शांत करावं! एवढंही कळत नाही?"

"आता कळलं," हैबती म्हणाला. चौथी गाठ.

दुसऱ्या दिवशी बॉयलरपाशी गेला तर काय! बॉयलर लालबुंद तापलेला, फुसफुस करतोय, शिट्टी मारतोय. हैबतीला दया आली. त्यानं बादली भरून आणली. "शांत हो, राजा. एवढं तापू नये. झालं गेलं विसरून जावं," असं म्हणत अख्खी बादली भट्टीत ओतली. मग आणखी एक. इंजिनानं उसासा टाकला. पट्टे थांबले, लेथ थांबला, आणि लेथवर उसाच्या चरकाचा अर्धवट कातलेला रूळ तसाच राहिला.

रंगनाथ धावत आला. शिवी जिभेवर आली, गिळली. या वेळी मोठी होती, ठसका लागला. "दाजी, पाया पडतो तुमच्या! याला तापूच द्यायचं असतं. गार पडलं, की पोटात दोन फावडी कोळसा घालायचा. दोन फावडी!"

"असं होय! मग आधी सांगायचं नाही का?"

दुपारी ठकूबाईनं भावासाठी आमटी-भाकरी पाठवली. रंगनाथ हात धुऊन आला, आमटीत बोट बुडवलं आणि म्हणाला, "गार पडली की."

एवढं ऐकायचा अवकाश, हैबती उठला. मोजून दोन फावडी.

रंगनाथ कितीतरी वेळ त्या आमटीकडं बघत बसला. त्या दिवशी त्यानं कोरडी भाकरी खाल्ली आणि तिच्याबरोबर तीन शिव्या गिळल्या. पण अक्काचं तोंड डोळ्यांपुढं आलं. विचार केला, याला आगीपासून आणि पाण्यापासून लांब ठेवावं. त्यानं दाजीला एका लाकडी ओट्यापाशी उभं केलं, हातात कानस दिली आणि पितळेची एक कडी पुढं ठेवली.

"दाजी, ही कडी त्या खाचेत बसत नाही. बसत नसलं, की कानशीनं घासायचं. थोडं थोडं, बसेपर्यंत. आणि हे बघा, खाली जो पितळेचा कीस पडेल तो आपला नव्हे, गिऱ्हाइकाचा. झाडून गोळा करायचा, पुडी बांधायची आणि ज्याचा कीस त्याच्या हातात द्यायची. एक कण ठेवायचा नाही. माझ्या वडिलांपासूनचा नेम आहे."

हैबतीनं दोन गाठी मारल्या आणि घासायला लागला. आणि काय सांगू तुम्हाला, कडी बसली! लोण्यात सुरी जावी तशी बसली. पुडी बांधून त्यानं गिरणीवाल्याच्या हातात दिली. गिरणीवाला म्हणाला, "वा, दाजी! माणूस असावा तर असा." हैबतीला जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. तो रात्री बायकोला तीनतीनदा सांगत होता, आणि तीही गालात हसत तीनतीनदा ऐकत होती. पुढचे दहा-बारा दिवस त्यानं दिसेल ते घासून बसवलं. कारखान्यात न बसणारं असं काही उरलंच नाही.

आणि साहेब आला.

उंच, किडकिडीत माणूस, डोक्यावर टोपी, हातात पेटी. पेटीत कोऱ्या पितळी पट्ट्या आणि अक्षरांचे पोलादी ठसे. रंगनाथनं तेलाची बुधली सकाळीच कुलपात ठेवली होती. शहाणा माणूस! पण कानशीचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

साहेबानं बॉयलर ठोकून बघितला, वाफेचा काटा बघितला, इंजिनाला कान लावला. म्हणाला, "मिस्त्री, उत्तम ठेवलंय." एक पट्टी काढली आणि ‘पा’चा ठसा हातात घेतला. रंगनाथचा चेहरा असा फुलला! "साहेब, खुर्चीवर बसा तरी. मी चहा घेऊन आलोच," म्हणत तो आत पळाला.

साहेबाची कंबर टांग्यात बसून बसून धरली होती. तो मागून ओरडला, "नको, नको, मी बसत नाही!"

हैबतीनं खुर्ची बघितली. साहेब बघितला. खुर्चीत काही खोट दिसत नव्हती. मग त्यानं पटक्याची गाठ चाचपली, मोठी खरबरीत कानस उचलली, साहेबाच्या मागं गेला आणि घासायला लागला. थोडं थोडं.

साहेब हातभर उडाला. विजारीला मागनं खिडकी पडली. "कोण आहे हा गाढव!" म्हणून तो असा लाल झाला की हैबती मनात म्हणाला, हा तापला. "शांत हो, राजा," त्यानं गोड आवाजात समजावलं आणि बादलीभर पाणी साहेबाच्या डोक्यावर ओतलं. साहेबाचे दात वाजायला लागले. "ग... गार..." एवढंच तो बोलला. हैबतीनं फावडं उचललं. रंगनाथ चहा घेऊन आला, तेव्हा पहिलं फावडं साहेबाच्या टोपीवर पडलं होतं. दुसरं त्यानं वरच्या वर धरलं.

साहेबानं ‘पा’चा ठसा खाली ठेवला. ती पट्टीही ठेवली. पेटी धुंडाळून एक लांब पट्टी काढली, दुसराच ठसा घेतला आणि ठोकायला लागला. ठक, ठक, ठक. ‘नापास’.

"ही आजच्या आज बसली पाहिजे!" म्हणाला, आणि दोन्ही हात मागं धरून टांग्याकडं चालता झाला.

रंगनाथ ऐरणीवर बसला आणि डोकं धरून रडला. या वेळी शिवीसुद्धा आली नाही बिचाऱ्याला. "बसवा, दाजी, ती पट्टी," एवढंच म्हणाला.

दारात ठकूबाई उभी होती. डोळे पुसत होती. तिच्या हातात गाठोडं होतं. एकच. हैबतीचं.

हैबतीला भडभडून आलं. मग त्याचा हात पटक्याकडं गेला आणि दुसऱ्या गाठीवर थांबला. पट्टी बसली, की तुम्ही इथं कायमचे! अरे, मग रडायचं कशाला? तो पट्टी घेऊन बॉयलरपाशी धावला. जुनी काढून नवी उजव्या टोकाकडून चौकटीत सरकवली. बसेना. डावीकडं बोटभर पट्टी बाहेर राहत होती.

बसत नसलं, की काय करायचं? ते आता त्याला कुणी सांगायला नको होतं.

जीव तोडून घासलं हो त्यानं. घामाच्या धारा लागल्या, मिशा पिवळ्याधमक झाल्या. लोक शब्दाचा कीस पाडतात म्हणतात, हैबतीनं खरोखरचा पाडला. शेवटी पट्टी चौकटीत खट्‌कन बसली. त्यानं चार स्क्रू आवळले आणि हाक मारली, "बसली!"

रंगनाथनं मान वर केली. डोळे पुसले, पुन्हा बघितलं. चौकटीत लिहिलं होतं: ‘पास’.

"दाजी! ‘ना’ कुठं गेला?"

"कसला ना? ते डावीकडचं होय? ते खाली पडलं घासून."

रंगनाथनं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला चक्क उचलून घेतलं. "अहो दाजी, तुम्ही देवमाणूस आहात! कायमचे राहा! माझ्या डोक्यावर बसा!" ठकूबाईनं गाठोडं सोडलं, हसली, रडली, आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं, माझे मालक हुशार आहेत." आणि गूळ-खोबरं आणायला घरात पळाली. रंगनाथ भट्टी पुन्हा पेटवायला धावला. इंजिन धडधडायला लागलं, पट्टे फिरायला लागले, रंगनाथ एकटाच नाचायला लागला.

हैबती मात्र खाली बघत होता. बॉयलरपुढं जमिनीवर पितळेचा कीस चमकत होता.

पट्टी कुणाची? साहेबाची. मग कीस कुणाचा?

त्यानं केरसुणी घेतली. एक कण ठेवला नाही. पुडी बांधली आणि पळत सुटला.

गावाबाहेर ओढ्याकाठी टांगा थांबला होता. घोडं पाणी पीत होतं, साहेबानं कोट वाळत घातला होता. हैबतीला बघून तो दोन पावलं मागं सरला आणि आधी त्याचे हात बघितले. कानस नव्हती.

"काय आहे?"

"साहेब, तुमचं राहिलं."

"काय राहिलं?"

"तुमचा ‘ना’."

साहेबानं पुडी उघडली. आत चिमूटभर पिवळा भुगा.

"पितळ तुमचं, म्हणजे कीस तुमचा," हैबती म्हणाला. "आमच्या कारखान्यात दुसऱ्याचा कण ठेवत नाहीत. मिस्त्रीच्या वडिलांपासूनचा नेम आहे."

साहेबानं पुडी पुन्हा बांधली. मग त्यानं हळूच विचारलं, "आणि पट्टीवर आता काय आहे?"

"पास!" हैबतीची छाती फुगली. "असा बसलाय, साहेब, मधून केस जाणार नाही. मेहुणा तर नाचतोय. स्वतः येऊन बघा की!"

साहेबानं ओला कोट अंगात घातला. टांगेवाल्याला टांगा वळवायला सांगितलं. मग दातओठ खात हैबतीला म्हणाला, "बस!"

हैबती टुण्‌कन उडी मारून टांगेवाल्याशेजारी बसला.

"बसलो, साहेब," तो म्हणाला. "मी सांगितल्याबरोबर बसतो. मला घासावं लागत नाही."