कल्लव्वाचं लुगडं

फार फार वर्षांमागं, वेदगंगेच्या काठची काळी रानं तंबाखूनं डवरलेली असायची, तेव्हा कल्लव्वा नावाची एक बाई होऊन गेली. खुडणीला जाणाऱ्या बायांची ती म्होरकी. खुडणी म्हणजे तंबाखूचे शेंडे मोडायचे; मग पानं जाड होतात. पहाटेच्या दवात शेंडा कटकन मोडतो, म्हणून बाया उजाडायच्या आत रानात शिरत आणि कोपरापर्यंत भिजून बाहेर येत.

मग कुणी बांधावर ओकत बसे, कुणाला घेरी येई. रानाचं वारं लागलं म्हणून लोक कोंबडं देत. गावातली कोंबडी संपली, पण घेरी काही संपली नाही, असं म्हणतात.

एकदा कल्लव्वाची पोटुशी सून तानव्वा बांधावरच कोसळली. अंगाला दरदरून घाम. सुनेची भिजलेली चोळी बदलताना कल्लव्वाच्या ध्यानात आलं, की उन्हं चढल्यावर येणाऱ्या बायांना हे वारं कधीच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती रानाच्या वाटेवर आडवी बसली. मालक देसाई हसले. "दवानं कुठं माणूस मरतंय का, कल्लव्वा?"

"दव न्हवं मालक, तंबाखूचा काढा हाय त्यो. आदी तुमी हात घाला."

देसाई बाह्या सारून तोऱ्यात शिरले आणि उन्हं यायच्या आत बांधावर आडवे झाले. कल्लव्वानंच त्यांचे हात धुतले, आईनं धुवावेत तसे. बिचारे देसाई! त्या दिवसापासून दव सुकल्याशिवाय खुडणी नाही, असं त्यांनीच सांगितलं.

पण मग धुकं असं बसलं, की दुपार कलली तरी पानं ओलीच. शेंडे फुलायला लागले, पीक हातचं जायची वेळ आली. तानव्वा उठली. "मी जाते, आत्ती."

"तू न्हाईस," कल्लव्वा म्हणाली. तिनं आपलं लग्नातलं लुगडं पेटीतून काढून आणलं, दोन काठ्यांना बांधलं आणि पिकावरून फिरवलं. त्या एका लुगड्यानं सगळ्या रानाचं दव पिऊन टाकलं, असं म्हणतात. पिळलं तेव्हा बांधावरून ओहोळ वाहिला. तिथं आजही हराळीसुद्धा उगवत नाही. बाया कोरड्या हातांनी शिरल्या, कोरड्या हातांनी परतल्या. आणि शिमग्याला जन्मताच तानव्वाच्या लेकीनं असा टाहो फोडला, की नदीपल्याड ऐकू गेला.

अजूनही तिथं खुडणीच्या दिवसांत मालक उघड्या हातानं आधी पिकात शिरतो आणि बाहेर येऊन जुन्या लुगड्याला हात पुसतो. लुगडं ओलं झालं, की बाया बांधावर भाकरीची फडकी सोडून बसतात. एखादा मालक फारच घाई करायला लागला, तर त्यातली सगळ्यात म्हातारी बाई शांतपणे विचारते, "कल्लव्वाचं लुगडं सुकलं का, मालक?"

आणि मालकही तिच्याशेजारी बसून उन्हाची वाट बघतो.