तांबडं फडकं

"मग चूक कुठं हाय ते तरी दावा की, उस्ताद!" जोतिराम म्हणाला.

कासम उस्तादांनी बशीतला चहा फुंकला.

गडहिंग्लजला आजरा रोडवर त्यांची शेड. गाड्यांच्या बॉडी बांधायच्या. त्या शेडची एक रीत होती. शागीर्द कितीही तयार झाला, तरी उस्ताद चार माणसांदेखत "जा, पाटी लाव" म्हणेपर्यंत तो स्वतःचं दुकान टाकत नसे. कुणी टाकलंच, तर गिऱ्हाईकच विचारायचं, "उस्तादांनी सोडलं, का पळून आलास?"

जोतिराम तिथे नऊ वर्षं राबला होता. हात सोन्याचा. जीभ मात्र हाताच्या दोन पावलं पुढे.

त्याने बायपासला गाळा ठरवून ठेवला होता. पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. फक्त उस्तादांचा शब्द तेवढा यायचा राहिला होता, आणि त्याच्यावाचून सगळं अडलं होतं.

"एक काम एकट्यानं कर," उस्ताद म्हणाले होते. "मी बगतो. मग बोलतो."

काम आलं श्रीपती सुतारांचं. सुतारमामांनी नवी पिकअप घेतली होती आणि लाकडं न्यायला तिच्यावर लोखंडी रॅक हवा होता. आता ती गाडी शेडच्या दारात उभी होती, रॅकला निळा रंग, रंगावर पांढऱ्या वेली.

"ह्यो करवतीचा खण," जोतिराम बोट दाखवू लागला. "ह्यो रंध्याचा. ही शिडीची कडी. ह्यो मोबाईलचा खिसा."

"लोखंडी खिसा?" सुतारमामांनी विचारलं.

"लोखंडीच. आन् ह्यो गणपतीचा कोनाडा. त्याला लायटिंग."

सुतारमामांनी कोनाड्याला नमस्कार केला. गणपती अजून बसायचा होता, पण लायटिंग चालू होतं.

"आन् शेवटचं ऐका. ह्या गाडीला जन्मात तांबडं फडकं लागनार न्हाई!"

लाकूड गाडीच्या मागे बाहेर आलं की त्याच्या टोकाला तांबडं फडकं बांधतात, मागून येणाऱ्याने सांभाळावं म्हणून. सगळं जग बांधतं. जोतिरामला मात्र ते फडकं म्हणजे बॉडी बांधणाऱ्याची नाचक्की वाटे. म्हणून त्याने सुतारमामांना त्यांच्याकडचा सगळ्यात लांब वासा विचारला आणि रॅकच त्या वाशाएवढा केला. पुढे तो टपावरून काचेच्याही पुढे गेला. मागे फाळक्याच्या बाहेर चांगला चार फूट. त्या मागच्या टोकांना दोन जाडजूड आकडे लोंबत सोडलेले, दोर बांधताना माणसाचा हात पोचावा म्हणून.

आता एवढ्या कामात चूक काढायची म्हणजे मत्सरच, असं जोतिरामचं मत होतं.

उस्तादांनी बशी खाली ठेवली. हातोडी उचलली. गाडीभोवती फिरत एकेका जोडावर ती वाजवू लागले.

टण.

जोड पक्का.

टण.

तोही पक्का.

गाडीच्या मागे आले तसे उस्ताद मान खाली घालून वाकले, पलीकडे गेले, पुन्हा ताठ झाले. दुसऱ्या फेरीत तसंच. तिसऱ्या फेरीतही.

जोतिरामने सुतारमामांना कोपराने ढोसलं. "बगितलं? वाकले."

"कोन?"

"उस्ताद. कामाला वाकले."

सुतारमामा बघत राहिले. जोतिरामचा ऊर भरून आला. नऊ वर्षांत उस्तादांनी त्याला "बरं हाय" याच्यापुढे शाबासकी दिली नव्हती.

उस्ताद येऊन पुन्हा स्टुलावर बसले.

"गाळा केवढा घेतलास?"

"आठ फूट रुंद, उस्ताद."

"आन् पाटी?"

"बारा फूट."

उस्तादांनी भुवई वर केली.

"दोन फूट हिकडं, दोन फूट तिकडं," जोतिराम म्हणाला. "लांबनं दिसाय नको?"

"शेजारी कोन हाय?"

"पानवाला. तो उभा ऱ्हातो तितं जरा येती पाटी. त्याला सवय हुईल."

उस्तादांनी मान हलवली. हो म्हणून, की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

"श्रीपतराव, आज गाडीत काय न्यायचंय?"

"पाळना हाय. पोरीच्या नणंदंकडं बारसं हाय सांजचं."

"ठेवा की मग रॅकवर."

सुतारमामा रॅककडे बघू लागले. मग पाळण्याकडे. "पाळना वर कशाला, उस्ताद? मागं हौद्यात बसतोय की निवांत."

"आन् दारं, चौकटी?"

"ती बी बसत्यात."

"त्यो लांब वासा कवा लागतो?"

सुतारमामांनी टाळू खाजवली. "वरसातनं एकदा. गेल्या वरसी लागलाच न्हाई."

जोतिरामची कानशिलं तापली. नऊ वर्षं आणि एक वासा! "मामा, वासा कवा बी लागू दे! मी काय म्हनतो, लाकूड भाईर येतंय का? न्हाई येत. बास! या हिकडं, मागनं बगा म्हंजे कळंल..."

आणि तो तरातरा गाडीच्या मागे वळला.

टण.

आवाज अगदी हातोडीसारखाच. जोड पक्का होता.

जोतिराम खाली बसला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ वर येऊ लागलं. आकडा त्याच्या डोक्यावर मजेत झुलत होता.

पलीकडच्या टपरीवरचा चहावालासुद्धा किटली हातात धरून बघत उभा राहिला.

जोतिरामने वर पाहिलं.

"उस्ताद... तुमी तितं वाकत हुता ते..."

"मग? टाळकं माझं हाय."

जोतिरामला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. टेंगळापेक्षा ते वाक्य जास्त ठणकत होतं.

उस्ताद उठले. हात पुसायचं तांबडं फडकं त्यांच्या खांद्यावर होतं. ते काढलं आणि टर्रकन मधोमध फाडलं. अर्धं खांद्यावर परत टाकलं. अर्धं घेऊन गाडीच्या मागे गेले, वाकले, आणि रॅकच्या बाहेर आलेल्या टोकाला गाठ मारून बांधलं.

निळ्या रंगावर ते फारच उठून दिसलं.

सुतारमामा भला माणूस. त्यांना वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. "म्हंजे आधी वरसातनं एकदा लागत हुतं," ते म्हणाले, "आता रोज लागंल. सोय झाली."

जोतिरामने गुडघ्यात डोकं घातलं.

उस्ताद गार झालेला चहा प्यायले. त्यांनी ना गाळ्याचं नाव काढलं, ना पाटीचं. जोतिरामला कळून चुकलं, आज काही शब्द मिळत नाही. उद्याही नाही. कदाचित आणखी नऊ वर्षं...

मग तो उठला. गोंडा घोळायला नव्हे, रडायलाही नव्हे. ग्राइंडरची वायर प्लगात घातली, गॉगल चढवला. टेंगळावर गॉगलचा पट्टा आला तसा कळवळला, पण काढला नाही.

"मामा, पाळना जरा बाजूला घ्या. ठिनग्या उडतील."

"काय करतूयास?"

"कापतो."

मागचे चार फूट कापले. पुढचंही काचेपर्यंत आणलं. कापलेली टोकं घासून गुळगुळीत केली, बोट फिरवून पाहिली. वेलींतली एक अर्धी तुटली, तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. लोंबते आकडे काढून गाडीच्या अंगाला सपाट बसवले. करवतीचा खण ठेवला. गणपतीचा कोनाडा ठेवला. लोखंडी खिसा काढून टाकला, कुणी न सांगता.

कापलेला तुकडा फडक्यासकट जमिनीवर पडला होता.

उस्ताद उठून गाडीभोवती फिरले. या खेपेला मागून जाताना ताठ गेले. मघाशी ते वाकले तेव्हा झाला होता त्याहून कितीतरी जास्त आनंद जोतिरामला त्या ताठ मानेकडे बघून झाला.

उस्ताद थांबले. सुतारमामा होते. चहावाला होता. टपरीवरची दोन गिऱ्हाइकंही आली होती. चार माणसं झाली.

"जोत्या."

"जी, उस्ताद."

"जा. पाटी लाव."

जोतिराम पायावर कोसळलाच. उस्तादांनी दंडाला धरून उठवलं. रडतोय की हसतोय, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. टेंगूळ मात्र दोन्हीत दुखत होतं.

शेडची आणखी एक रीत होती. जाणाऱ्या शागिर्दाला उस्ताद स्वतःच्या हातची एखादी वस्तू देत. कुणाला हातोडी मिळाली होती, कुणाला पकड. जोतिरामने दोन्ही हात पुढे केले.

उस्तादांनी खांद्यावरचं उरलेलं अर्धं फडकं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

जोतिराम बघतच राहिला. मग त्याला वाटलं, ही उस्तादांची माया. टेंगूळ बघूनच फडकं दिलं असणार! त्याने फडक्याची घडी केली, पाण्यात बुडवली आणि कपाळावर धरली.

उस्तादांनी ती हलकेच काढून घेतली, पिळली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली.

"कपाळ आपसूक बरं हुतंय. ह्ये पाटीला बांध."