गाण्यातली मोकळी जागा

पूर्वी श्रीपर्ण नगरात राजा केतुमान राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या साल वृक्षांच्या वनात, एका पाड्यावर जन्म घेतला. त्याचे नाव तिंदुक. म्हातारपणी त्याच्याकडे एकच काम उरले होते आणि ते त्याला फार आवडे: पाड्यावरच्या पोरांना रानात नेऊन गाणे शिकवायचे.

गाणे प्रश्नांचे होते. ‘उंबर कुणाचं पिकलं?’ असे म्हणून पोरे श्वास रोखून उभी राहत. फांदीवरून तांबट पक्षी टुक टुक करू लागला की खिदळत पुढे जात. उत्तर कोण देणार हे तिंदुक आधी सांगत नसे. उत्तर आले, की मगच तो त्या उत्तर देणाऱ्याची गोष्ट सुरू करी.

राजाला गाण्याचे भारी वेड. त्याने तिंदुकाला दरबारात बोलावले. तिंदुक एकेक ओळ म्हणून थांबू लागला, तशी सभा अवघडली. शेवटी दरबारी गवयाने त्या मोकळ्या जागा ताना घेऊन भरून काढल्या. राजा इतका खूश झाला, की त्याने तिंदुकाला राजगायकाचे पद आणि सोन्याचे कडे देऊ केले. शिवाय या गाण्यासाठी सालाच्या लाकडाचे गायनगृह बांधायचे ठरवले.

तिंदुकाने कडे घेतले नाही. महिन्याभरात वनाच्या कडेची वीस झाडे पडली. तेव्हा तो आपण होऊन राजाकडे गेला.

“राजा, छप्पर चढण्याआधी गाणं पुरं तरी ऐक. तू ऐकलंस ते अर्धंच.” पाड्यावर लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणत.

“म्हणजे हातचं राखलंस?” राजा संतापला. “उद्या मी येतो. उरलेलं अर्धं ऐकवलं नाहीस, तर एकही झाड ठेवणार नाही.”

तिंदुकाला ठाऊक होते, की ते अर्धे कुणाच्या हुकमाने येणारे नव्हते. तरी तो ‘ये’ म्हणाला.

सकाळी राजा आला, सोबत त्याची लहान मुलगी सुतनू. पोरांनी पहिली ओळ म्हटली. राजाने खुल्या गळ्याने साथ दिली आणि सवयीने लांबलचक तान घेतली. तिंदुकाची सहा वर्षांची नात चारोळी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“राजा, तुझी ओळ झाली. आता गप बस.”

शिपायांचे चेहरे उतरले. राजा मात्र गप्प बसला. थोड्या वेळाने उंबरावर टुक टुक सुरू झाले आणि सुतनूने टाळ्या पिटल्या.

‘मुळाला पाणी कोण पाजतं?’ या ओळीला सगळी पोरे जमिनीला कान लावून आडवी झाली. सुतनूही रेशमी वस्त्रासकट चिखलात लोळली. मुळांखालून झरा बोलत होता. ती राजाला खाली ओढू लागली आणि राजा हसत हसत गुडघ्यांवर बसला. असा तो कित्येक वर्षांत हसला नव्हता.

पुढची ओळ वनाच्या कडेची होती. या दिवसांत सालाला बहर येई आणि तिथे मधमाश्या उत्तर देत. सुतनूने हौसेने विचारले, ‘फुलाला जागं कोण करतं?’ समोर वीस खुंट होते. सगळे थांबले. राजाचे पाय दुखू लागले, तरी तोही थांबला.

“बाबा, इथलं कुणी म्हणत का नाही?”

राजाला उत्तर ठाऊक होते. ते त्याला फार जड गेले.

“मी त्यांना घालवलं,” तो म्हणाला.

त्याच दिवशी कुऱ्हाडी परत गेल्या आणि गायनगृहाचा बेत मोडला. दर वसंतात नगरातली मुले तिंदुकाकडे शिकायला येऊ लागली. राजाही येई. मधूनच त्याच्या तोंडून तान निसटे आणि पाच-सहा चिखलाचे हात त्याच्या तोंडावर बसत.

तेव्हाचा राजा केतुमान म्हणजे आजचे स्थविर सुघोष, ज्यांचे प्रवचन रंगात आले की शिकाऊ बालश्रामणेर पेंगू लागतात. ही कथा ऐकून सर्वांत आधी हसले ते तेच. सुतनू म्हणजे भिक्षुणी पद्मगंधा, चारोळी म्हणजे ही कथा चालू असताना ‘पुढे काय झालं?’ असे विचारणारी विहाराच्या माळ्याची मुलगी, आणि तिंदुक म्हणजे ही कथा सांगणारे स्वतः शास्ता. त्या जन्मी त्याने साधली ती प्रज्ञापारमिता: मुलांना शिकवताना आपण थांबावे आणि ज्याचे त्याला बोलू द्यावे, एवढी समज.