राजाने स्वस्तात घेतलेली वीणा

एक राजा होता. राज्य डोंगरांएवढं, कोठारं धान्याने भरलेली, पेट्या सोन्याने भरलेल्या. पण हाताचा असा घट्ट, असा घट्ट, की त्याच्या मुठीतून वारासुद्धा निसटायचा नाही.

त्याला एकच लेक. तिचं नाव केतकी. तिची आई, म्हणजे राणी, वारली तेव्हा ती अगदी एवढीशी होती. राणी वीणा फार गोड वाजवायची, बरं का. ती गेली आणि राजाला ती वीणा डोळ्यांसमोर बघवेना. मग त्याने राणीच्या अस्थींबरोबर वीणाही नदीत सोडून दिली.

त्या दिवसापासून राजवाडा मुका झाला. राजा सकाळीच दरबारात जायचा. जेवायला आला तरी ताटाकडे बघून जेवायचा आणि उठायचा. केतकी बोलणार कोणाशी? खिडकीत बसायची, बागेतल्या मोरांना दाणे टाकायची. शेवंती आणि अबोली अशा दोन सख्या होत्या, त्या आल्या की तेवढंच घटकाभर हसणं-खेळणं. मग पुन्हा आपली ती आणि खिडकी.

एकदा तिने धीर केला आणि जेवताना म्हणाली, "बाबा, मला वीणा शिकायचीय. आई वाजवायची तशी."

राजाचा घास हातातच राहिला. पण मग म्हणाला, "शीक की."

राजाने वीणा करणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी चांगल्या वीणेचं चांगलं मोल सांगितलं. झालं! राजाची मूठ आणखी आवळली. तो म्हणाला, "शिकणारीला कशाला हवी एवढी भारी? आधी येऊ दे वाजवायला, मग बघू."

नेमका तेव्हाच एक फेरीवाला वाड्याच्या दाराशी आला. त्याच्या गाडीत वाद्यंच वाद्यं. लाल, हिरवी, बेगड लावलेली, नुसती चमचम! आणि सगळी मातीमोल. राजाने एक लाल वीणा उचलली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली.

केतकीला आनंद मावेना. तिने खुंटी पिळली, तार छेडली. टुंग! छान वाटलं. मग दुसरी तार लावायला घेतली, तोवर पहिली सैल. पहिली पुन्हा लावली, तर दुसरी सैल. खुंट्या आपल्या भोकात गरागरा फिरतायत! त्या वीणेत सूर यायचा आणि पळून जायचा, घर नसल्यासारखा. सकाळभर लावावी आणि दुपारी बेसूर व्हावी. बागेतल्या मोरांनी काही दिवस सोसलं. मग ते उडाले आणि डोंगरापलीकडे निघून गेले.

दरबारात एक गाणारे बुवा होते. खोट कुठे आहे, ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण राजाला सांगणार कोण? ते आपले म्हणायचे, "होईल हो. नवशिकी आहे पोर."

मग राजाने त्याच फेरीवाल्याकडून बासरी घेतली. गोंडा लावलेली, हिरवीगार. पण तिची भोकं पाडलेली अंदाजाने, एक इथे, एक तिथे. केतकीने किती जिवापाड फुंकावं, तर आतून निघायची कोल्हेकुई! शेवंती आणि अबोली आधी खुदकन हसल्या. मग कानांवर हात ठेवायला लागल्या. मग एके दिवशी म्हणाल्या, "आईने लवकर बोलावलंय हं," आणि ज्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

राजा म्हणाला, "तुझं मन लागत नसेल." आणि तिसऱ्यांदा फेरीवाल्याला बोलावलं. या वेळी मोरपंखी वीणा. खुंट्या घट्ट, पण तारा दांडीपासून हे एवढ्या उंच! दाबायला जावं तर बोटात रुतायच्या. बोटं कापली, रक्त आलं. केतकीने चिंध्या बांधल्या आणि पुन्हा बसली. आणि लाकूड कसं? परवा तोडलेलं, ओलं. तार दाबली की ते आतून कण्हायचं. आई गं... आई गं...

केतकीला वाटलं, मीच दुखवते याला. आईच्या बोटांत सूर होते, माझ्यात नाहीत. माझ्यामुळेच मोर गेले. माझ्यामुळेच सख्या गेल्या.

मग तिने वीणा बाजूला ठेवली. मग गुणगुणणं सोडलं. आणि मग तिचं बोलणंही बंद झालं. मोर गेले, सख्या गेल्या, आणि आता आवाजसुद्धा तिला सोडून गेला.

राजा सगळ्यांना सांगत सुटला, "तीन-तीन वाद्यं घेऊन दिली! पोर हट्टी आहे, दुसरं काय?"

एके सकाळी केतकीने ती मोरपंखी वीणा उचलली आणि चालायला लागली. लांब रानात नेऊन ठेवू, म्हणजे कोणाला त्रास नको, असं तिच्या मनात. तिला कोणी अडवलं नाही. कारण तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, बाळांनो.

चालता चालता रानाच्या पोटात एक झोपडी लागली. छपरावर वीणेसाठी वाळवलेले भोपळे, आणि वारा आला की सगळे घुमतायत. दारात एक म्हातारी दांडी तासत बसलेली. गिरजा तिचं नाव. ती वीणा करायची. आणि वाजवायची अशी, की झाडांची पानं हलायची थांबत आणि ओढा वळून बघायचा.

"कोण गं बाई तू?" गिरजा म्हणाली.

केतकी काय बोलणार? तिने वीणा पुढे केली. गिरजाने आधी वीणा नाही बघितली, तिची बोटं बघितली. तिला आत बसवलं, तूप घालून गरम पेज दिली. मग वीणा मांडीवर घेतली आणि तार छेडली.

खर्रर्र!

पुन्हा छेडली. वीणा कण्हली. पानं आपली हलतच राहिली. ओढ्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"बघ," गिरजा म्हणाली, "मला तरी वाजते का?"

केतकी डोळे मोठे करून बघतच राहिली.

"अगं, हे लाकूड अजून आपल्या झाडासाठी रडतंय. रडणाऱ्याला गायला लावू नये. मी लाकूड तोडून ठेवते आणि वाट बघते. त्याचं रडून झालं की मग हात लावते. तुझी बोटं चांगली आहेत हो. तू वाईट नाहीस."

तेव्हा केतकीला रडू फुटलं. मोठ्याने, हुंदके देऊन. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज तिच्या कानांवर पडला.

मग गिरजाने तिला एक साधीच वीणा दिली. ना रंग, ना बेगड. केतकीने भीत भीत एकच तार छेडली.

सा.

तो सूर पळाला नाही. तिच्याजवळ राहिला. मग हळूहळू झाडांतून लांब गेला, आणि पानं हलायची थांबली. केतकी तेवढा एकच सूर दुपारपर्यंत वाजवत बसली.

इकडे राजा जेवायला बसला. समोरचं पान रिकामं. बराच वेळ रिकामं. तेव्हा कुठे त्याला कळलं की पोर घरात नाही. मग तो एकटाच धावत सुटला. रानाशी आला, तर लांबून एक सूर ऐकू येतोय. त्या सुराच्या मागे मागे तो झोपडीशी पोचला.

"केतकी! चल घरी. तो फेरीवाला पुन्हा आलाय. त्याच्याकडे सोनेरी वीणा आहे बघ!"

केतकी उठली. तिने राजाला बसवलं आणि मोरपंखी वीणा आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, एकदा तुम्ही वाजवा."

राजा हसला. त्यात काय मोठं, म्हणाला, आणि तार दाबली. तार बोटात रुतली. पुन्हा दाबली, रक्त आलं, लाकूड कण्हलं. तिसऱ्यांदा त्याचं बोट पुढे जाईचना. त्याने आपल्या एका बोटाकडे पाहिलं. मग लेकीच्या हातांकडे पाहिलं. तिच्या सगळ्याच बोटांना चिंध्या.

"हे मी तुला दिलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"मला वाटलं, मीच वाईट आहे."

राजाने वीणा बाजूला ठेवली. राणी गेल्यावर तो कोणासमोर रडला नव्हता, तो त्या दिवशी लेकीला पोटाशी धरून रडला.

मग त्याने गिरजाला मोल विचारलं, आणि तिने सांगितलं ते घासाघीस न करता दिलं. गिरजा म्हणाली, "राजा, वीणा चांगली आहे. पण ऐकायलाही कोणीतरी बसावं लागतं हो."

मग राजा रोज संध्याकाळी बसायला लागला. केतकी किती तरी दिवस नुसता सा वाजवायची, मग रे, मग ग. कधी चुकायची. कधी राजाला मध्येच डुलकी लागायची. राणीची जागा काही भरली नाही. ती तशी भरत नसते. पण त्या जागेशेजारी आता दोघं जण बसायचे.

अशी ती बाप-लेक सुखाने राहिली. तसं सुख तुमच्याही वाट्याला येवो. चला, आता कुशीवर वळा, पांघरूण नीट घ्या. डोळे मिटा बघू. झोपा.