हिरवं श्रीखंड

सर्जेराव घाटग्यांच्या फ्रीजचं दार लागेना. खांदा लावून ढकललं तरी आतून एखादी वाटी बाहेर डोकावायचीच.

लागेल कसं? घरात अन्नाचा कण टाकायचा नाही, हा सर्जेरावांचा हुकूम. गुळाचा मोठा व्यापार, दारात जीप, पण उरलेल्या अर्ध्या वाटी आमटीसाठी माणसाचा जीव खालीवर. आमटी आत, भेंडी आत, पिळलेलं लिंबूसुद्धा आत. आणि ते खायचं मात्र कुणी नाही, कारण यांना जेवायला रोज ताजंच लागायचं. त्यात शेजाऱ्यांचे डबे. आपल्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालून देतात. ते घालायला सर्जेरावांचा हात धजत नसे. म्हणून जाधवीणबाईंचं लोणचं, सुतारकाकूंची चटणी, मास्तरीणबाईंचं मेतकूट, सगळं डब्यासकट फ्रीजमध्येच मुक्कामाला.

गणपती तोंडावर आले होते. सकाळीच हौसाबाई पदर सावरून पुढं उभी राहिली. घाटग्यांचं स्वयंपाकघर तीच सांभाळायची.

"मालक, दोन दिस सुट्टी पायजे. लेकीच्या दुसऱ्या लेकराचं बारसं हाय उद्या. चारच्या एस्टीनं जावं म्हणते."

"जा की," सर्जेराव म्हणाले. "फ्रीज रिकामा कर, धुऊन लख्ख कर आणि जा. पण तू एक कणही टाकायचा नाहीस. शेजाऱ्यांचे डबे आजच परत गेले पाहिजेत, तेही रिकामे नाही. आणि माझ्या घरातलं त्यात चिमूटभरही जायचं नाही. जमलं तर एस्टी, नाही तर इथंच."

"अहो, असं कुठं होतं का?" सर्जेरावांच्या पत्नी, वैनीसाहेब म्हणाल्या.

"तिचं ती बघेल."

बाळासाठी कुंची शिवून तिनं पिशवीत घालून आणली होती. पाळण्याशी आजीच नसली तर लेक काय म्हणेल? पण रडत बसली तर ती हौसाबाई कसली. पदर खोचला आणि फ्रीजची पिन काढली.

डबे, वाट्या, पातेली ओट्यावर मांडली. ओटा भरला, मग जमिनीवर मांडली. बर्फाचे चिरे वितळून खाली पाणी झालं, त्यावर जुनं धोतर पसरलं. कप्पे काढून सोड्याच्या पाण्यानं घासले. दाराच्या रबरातली काळी रेघ जुन्या ब्रशानं खरवडली. मागच्या ताटलीतलं पाणी ओतताना मात्र तिनं नाक दाबलं आणि सर्जेरावांच्या नावानं दोन शब्द पुटपुटली. ते मी इथं सांगत नाही.

मग डबे घेतले. प्रत्येकातलं बोटावर घेऊन चाखलं; सगळं अजून चांगलं होतं. जाधवीणबाईंचं लोणचं सुतारकाकूंच्या डब्यात भरलं, सुतारकाकूंची चटणी मास्तरीणबाईंच्या, आणि मास्तरीणबाईंचं मेतकूट जाधवीणबाईंच्या. पदराआड झाकून घरोघर पोचवूनही आली.

"डब्यांत काय घातलंस?" सर्जेरावांनी डोळे वटारले.

"शेजाऱ्याचं शेजाऱ्याला. तुमच्या घरातलं चिमूटभर न्हाई, मालक."

सर्जेरावांनी ओट्यावरच्या वाट्यांकडं बोट केलं. "आणि बाकीचं?"

"बाकीचं वाढते. बसा."

पाट मांडला होता, ताटाभोवती रांगोळी काढली होती. ताटात बारक्या वाट्यांची गर्दी.

"हे काय?"

"पाडव्याचं श्रीखंड."

"हिरवं?"

"तवा केशरी होतं."

"आणि ही आमटी का फेसाळलीय?"

"लई दिस एकटी होती, मालक. तुम्हाला बघून उसळली."

वैनीसाहेब तोंडाला पदर लावून आत पळाल्या. सर्जेरावांनी हट्टानं भेंडी उचलली. ती लांबत गेली, तुटेना. त्यांनी ती हळूच ताटात परत सोडली.

"आज भूक नाही. परत ठेव फ्रीजमध्ये."

"रिकामा करायचा म्हणाला न्हवं?"

"मग कुत्र्याला घाल."

हौसाबाईनं टिप्याला हाक मारली. टिप्या शेपूट हलवत आला, श्रीखंड हुंगलं आणि शेपूट घालून जीपखाली जाऊन बसला. हाका मारल्या तरी बाहेर येईना.

"त्यो न्हाई म्हणतोय," हौसाबाई म्हणाली.

सर्जेरावांनी कपाळाला हात लावला. "मग ने ते उकिरड्यावर. टाक एकदाचं."

"मी? मी कण टाकला की माझी एस्टी गेली. तुमचीच अट हाय." तिनं ताट त्यांच्या हातात दिलं. "तुम्हाला कुणी अडवलंय?"

घड्याळात तीन वाजून गेले होते. सर्जेराव उठले. पांढऱ्याशुभ्र धोतरात, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातानं नाक धरून, गावचा एवढा मोठा माणूस परसातल्या उकिरड्याकडं निघाला. एका ताटात भागलं नाही. पातेली होती, मग अर्धी लिंबं होती. तिसऱ्या फेरीला कुंपणावरून सुतारकाकूंचा आवाज आला.

"सर्जेराव, लोणचं झकास हो! लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्याकडून पहिल्यांदा काही आलं बघा."

सर्जेरावांना हातातलं पातेलं कुठं लपवू असं झालं. परत आले, लख्ख फ्रीज पाहिला, दार लोटलं. नुसत्या बोटानं लागलं. त्यांनी ते पुन्हा उघडून पुन्हा लावून पाहिलं. तरी मोडेन पण वाकणार नाही हा स्वभाव.

"हौसा, अन्न टाकलं गेलंच. अट मोडली."

"मोडली खरी. पण टाकलं कुणी, मालक?"

सर्जेराव असे हसले, असे हसले, की पाटावर बसावंच लागलं. डोळे पुसत त्यांनी कोठीतून पिवळ्याधमक गुळाची ढेप स्वतः काढली आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या डब्यात ठेवली. जीपची किल्ली घेतली.

"एस्टीबिस्टी काही नाही. मी सोडतो तुला लेकीच्या दारात. हा गूळ बारशाला."

हौसाबाईचे डोळे भरून आले. कुंचीची पिशवी छातीशी धरून ती जीपमध्ये चढली. "डबा परत देईन, मालक. रिकामा न्हाई देणार."

"हात जोडतो, बाई," सर्जेराव म्हणाले, "रिकामाच आण."