पवळीने न चाखलेलं पाणी

ज्यांच्या घराला दार नव्हतं, अंगण नव्हतं, पण एक भलंमोठं शीड होतं, अशा चार माणसांची ही गोष्ट आहे. घर म्हणजे होडी. होडीचं नाव मासोळी. तिच्यात बाबा, आई, आठ वर्षांची पवळी आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ जानू राहत. निळ्या, हिरव्या, मोरपंखी पाण्यातून ही मंडळी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात, इथले नारळ तिथे देत आणि तिथलं मीठ इथे आणत. पोट कसंबसं भरे. शिडाला आईच्या जुन्या लुगड्यांची ठिगळं होती, एक जांभळं, एक डाळिंबी, एक पिवळंधमक. लांबून मासोळी फार देखणी दिसायची. जवळ गेलं की कळायचं, ही गरिबीची नक्षी आहे.

होडीवर ज्याचं त्याचं काम ठरलेलं होतं. बाबा सुकाणू धरत, आई शीड सांभाळी, जानू सगळ्यांच्या पायात येई. पवळीचं काम पाणी चाखण्याचं. बेटांवरच्या विहिरी मोठ्या लबाड असतात, वरून नितळ आणि आतून खारट. म्हणून पिंप भरण्याआधी पवळीने करवंटीतून एक घोट घ्यायचा, आणि ती "गोड" म्हणाली तरच पाणी होडीत यायचं. तिच्या जिभेवर बाबांचा फार भरवसा होता.

पण पवळीचा स्वतःचा भरवसा कुणावर म्हणून नव्हता. एकदा एका गोडबोल्या बाईने त्यांच्या गळ्यात कुजके नारळ मारले होते. तेव्हापासून हसून बोलणारं माणूस दिसलं की हिच्या चिमुकल्या कपाळाला आठी पडे. मागच्या बेटावर एका म्हातारबाबांनी त्यांना आपली विहीर मोकळी करून दिली, वर जानूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि बदल्यात काही नको म्हणाले. काहीच नको? पवळीच्या मनात पाल चुकचुकली. तिने करवंटी नुसती ओठांजवळ नेली, पाणी हळूच मागे ओतून दिलं आणि म्हणाली, "मचूळ आहे." बाबांनी रिकामं पिंप उचललं, म्हातारबाबांना रामराम केला आणि शीड उभारलं.

दुसऱ्याच दिवशी वारा पडला. शीड डोलकाठीला चिकटून बसलं. होडीतल्या दुसऱ्या पिंपाच्या तळाशी होतं तेवढं पाणी दोन दिवस पुरलं, आणि मग जानूला ताप भरला. बाबांनी हातांना फोड येईपर्यंत वल्ही मारली, तेव्हा कुठे एका इवल्याशा निर्जन बेटाला होडी लागली. तिथे त्यांनी वाळूत खड्डे खणले. प्रत्येक खड्ड्यात खारं पाणी. जानू आता रडतही नव्हता, आणि त्याचीच आईला जास्त भीती वाटत होती.

पवळी कुणाकडे पाहू शकत नव्हती. आपण त्या दिवशी खोटं बोललो, हे एकट्या तिला ठाऊक होतं. ती करवंटी घेऊन झाडीत शिरली.

झाडी काय सुंदर होती म्हणून सांगू! शेंदरी फुलं, पोपटी पानं, आणि त्यांतून सांडलेले उन्हाचे पिटुकले कवडसे. एरवी पवळी हरखून गेली असती. आज तिला वाटलं, एवढं नटलेलं बेट म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे. ती पाऊल जपून टाकू लागली.

केवड्याच्या पानावर एक परी बसली होती. बोटाएवढी. तिच्या झिरझिरीत पंखांवर तीन ठिणग्या लुकलुकत होत्या, एक निळी, एक गुलाबी, एक सोनेरी.

"ये, पवळी," परी हसून म्हणाली. "तुझी तीन मागणी मी पुरी करीन."

हसून म्हणाली, तिथेच बिनसलं. पवळीने आधी वाकून परीचे पाय पाहिले. सरळ होते, म्हणजे भूत नव्हे. मग सावली पाहिली. तीही पडत होती. तरी ती चार पावलं मागेच उभी राहिली आणि तिने नियम विचारले, कारण नियम नसलेली देणगी तिने आजवर पाहिली नव्हती. परीने नियम सांगितले. तोंडातून निघालेलं प्रत्येक मागणं मोजलं जाईल, मग ते रागाने निघो की चुकून. आणि मिळालेलं काही खायचं-प्यायचं असेल, तर मागणारीने सगळ्यांच्या शेवटी तोंडाला लावायचं. थेंबभर जरी आधी चाखलं, तरी त्याचं समुद्राचं पाणी होईल.

चाखायचं नाही म्हणे! पवळीचा संशय पक्का झाला. चाखू न देणारा माणूस काय विकतो, हे तिला चांगलं माहीत होतं.

"आधी माझ्याशी खरं बोल," ती फणकारली.

"बोलेन. आत्तापर्यंतही खरंच बोलत होते," परी म्हणाली, आणि तिच्या पंखावरची निळी ठिणगी विझली. एक मागणं गेलं. पवळीला हळहळ वाटली, पण संशय काही हटेना.

"यात तुला काय मिळणार, ते दाखव मला."

परीने दोन्ही तळवे उघडले. इवलेसे, गोरेगोमटे, रिकामे तळवे. गुलाबी ठिणगी विझली. आता एकटी सोनेरी उरली होती, आणि परीचा चेहराही फिकट झाला होता.

पवळी बराच वेळ त्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. कुणीतरी काही न घेता देतं, उलट देताना स्वतःचंच घालवतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिला म्हातारबाबांची आठवण झाली.

"शेवटची विझली की तू?" तिने हळूच विचारलं.

"मग मी नाही," परी म्हणाली. आता तिला खरं तेच बोलावं लागत होतं.

पवळी जवळ गेली. एक झरा मागावा, एक तलाव मागावा, सगळी पिंपं भरून मागावीत, असं तिच्या मनात आलं. तिलाही तहान लागली होती, जीभ टाळूला चिकटत होती. तिने करवंटी पुढे धरली.

"एवढीच भर. जानूपुरती. बाकीचं आमचं आम्ही बघू. एवढ्याला तुझं सगळं तेज नाही ना लागणार?"

"ठाऊक नाही गं," परी म्हणाली. "एवढंसं अजून कुणी मागितलंच नव्हतं."

करवंटी भरली. सोनेरी ठिणगी मिणमिणत मिणमिणत मोहरीच्या दाण्याएवढी झाली, पण विझली नाही.

पवळी दोन्ही हातांनी करवंटी सांभाळत किनाऱ्यावर आली. सारी वाट तिच्या मनात किडा वळवळत होता. आणि हे विष असलं तर? एक थेंब, नुसता एक थेंब चाखला तर? ओठ दोनदा करवंटीजवळ गेले आणि दोनदा तिने मान फिरवली. तिला रडू येत होतं.

आईने जानूला मांडीवर उचलून घेतलं, आणि रोजच्या सवयीने विचारलं, "चाखलंस ना गो?"

हो म्हटलं असतं तर काम सोपं होतं. एकदा खोटं पचलंच होतं.

"नाही चाखलं," पवळी म्हणाली. "हे चाखायचं नाही असं देणारीने सांगितलंय. आणि बाबा, त्या विहिरीचंही मी चाखलं नव्हतं. मचूळ आहे असं उगाच म्हणाले. जानू माझ्यामुळे आजारी पडला."

बाबांच्या हातातलं खोरं खाली पडलं. त्यांनी करवंटीकडे पाहिलं, मग पवळीकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला तोच संशय दिसला जो ती आजवर साऱ्या जगावर रोखत आली होती. तो किती बोचतो, हे तिला तेव्हा कळलं.

आईने मात्र लेकीची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"ज्या तोंडाने एवढं कबूल केलं, ते आत्ता खोटं बोलायचं नाही," ती म्हणाली, आणि तिने करवंटी जानूच्या ओठांना लावली.

जानू एक घोट प्यायला. मग दुसरा. मग त्याने डोळे उघडले, करवंटी स्वतःच्या गुबगुबीत हातांनी पकडली आणि म्हणाला, "आनखी."

आणखी होतं. तो प्यायला तरी करवंटी काठोकाठ भरलेली. आई प्यायली, बाबा प्यायले, पिंप भरलं, तरी पाणी तेवढंच. झाडीतून लख्ख सोनेरी उजेड उसळला. न चाखलेल्या पाण्यावर ठेवलेल्या भरवशाने मोहरीएवढी ठिणगी वाढत वाढत सूर्याएवढी झाली, परी हसत हसत त्या उजेडात मिसळून गेली, आणि मासोळीच्या रंगीत शिडात वारा भरला.

बाबांनी पवळीला जवळ ओढलं आणि करवंटी तिच्या हातात दिली. सगळ्यांच्या शेवटी, आयुष्यात पहिल्यांदाच, ती पाणी न पारखता नुसतं प्यायली.